दाभ्याच्या मळ्यावरचा व्यायामवर्ग: अकरा महिन्यांनंतर लिहिते आहे

“हात वर करा,” हे मी दिवसातून पंधरा-वीस वेळा म्हणते. नागपूरच्या गोपालनगरात माझं शिवणकामाचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. ब्लाऊजचा मुंढा नीट मोजायचा तर गिऱ्हाइकाला हात थोडा उचलावा लागतो. गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या लक्षात यायला लागलं की बायका कोपर खांद्यापर्यंत आणतात आणि तिथेच थांबतात. पुढे न्यायचा म्हटलं की मान वाकडी होते, ओठ दाबले जातात. चाळिशी न गाठलेल्या मुलीही असतात ह्यात. एक दिवस वरच्या फळीवरून अस्तराचा तागा काढायला गेले आणि माझाच उजवा हात कानाच्या अलीकडे अडकला. मी तेव्हा ४६ वर्षांची होते आणि बावीस वर्षं रोज आठ-नऊ तास मशीनवर वाकलेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सांध्यात दोष नाही, वापर नाही म्हणून आखडलाय.

आधी मी जिम लावली. आमच्याच भागातल्या एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले. पहिल्या दिवशी एका मुलानं मशीनवर बसवलं, दांडा ओढायला लावला आणि स्वतः मोबाइल बघत उभा राहिला. दुसऱ्या महिन्यात खांदा जास्तच दुखायला लागला. मी थांबले, उरलेले पैसे मागितले, तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त हे खटकत होतं की दिवसभर मशीनवर बसून अंग आखडतं, आणि ते मोकळं करायला परत एका मशीनवरच जाऊन बसायचं. मनाला पटतच नव्हतं.

मळ्याचा पत्ता मिळाला तो एका गिऱ्हाइकाकडून. ती नर्स आहे. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा आसनात, म्हणजे दोन पायांच्या मधल्या जोडात, गेलेली सलवार घेऊन आली. शिवण उसवली नव्हती, कापडच फाटलं होतं. मी विचारलं, असं करता तरी काय तुम्ही? ती म्हणाली, “ताई, झाडावर चढते. दर रविवारी. तुम्ही पण चला न.” आषाढ होता, लग्नसराई संपलेली, हातात काम कमी. मी गेले.

वर्गाला नाव नाही, पाटी नाही. सगळे ‘मळ्यावर’ एवढंच म्हणतात. फुटाळ्यावरून दाभ्याकडे जायचं, वस्ती संपली की मुरमाचा रस्ता लागतो, त्यावर साधारण एक किलोमीटर. शिकवणाऱ्या सरांच्या सासऱ्यांचं अडीच एकर वावर आहे, त्यातलं पाऊण एकर ह्या कामासाठी मोकळं ठेवलंय. तीन चिंचा, दोन कडुनिंब, एक जुना आंबा. सागाचे आणि बाभळीचे ओंडके, कमरेएवढी आणि छातीएवढी अशा दोन भिंती, दोन खांबांना बांधलेला जाड बांबू, आणि कडेनं गेलेला लांबच लांब धुरा, म्हणजे शेताचा बांध. विहीर आहे, तिच्यावर लोखंडी जाळी घातलेली आहे. लेकरं येतात म्हणून मी पहिल्यांदा तेच पाहून घेतलं. आरसा नाही, गाणी लावत नाहीत. पहिल्या दिवशी कानाला चुकल्यासारखं झालं, नंतर होल्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

सर पन्नाशीचे आहेत, शिकले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. विदर्भाबाहेरच्या लोकांसाठी सांगते, हे मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं, आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथलं पथक कबड्डीसारखे आपले खेळ दाखवायला जर्मनीला गेलं होतं. सरांच्या बोलण्यात ह्याचा अभिमान आहे, पण ते रोज उगाळत बसत नाहीत. मल्लखांब, लेझीम त्यांना येतं. आम्हाला मात्र ते शिकवतात साध्या हालचाली: बसणं, उठणं, रांगणं, लोळणं, लटकणं, चढणं, उतरणं, उचलून नेणं, फेकणं, झेलणं.

पहिल्या दिवशी पळायला लावतील ह्या धास्तीनं मी गेले होते. सरांनी मातीतच उभं केलं आणि म्हणाले, “खाली बसा. आता उठा. हात, गुडघा, जेवढं कमी टेकता येईल तेवढं टेका.” बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. एक हात टेकला की एक गुण गेला, गुडघा टेकला की आणखी एक, डगमगलं तर अर्धा. बसताना माझा हात आणि गुडघा टेकला, उठताना दोन्ही हात आणि गुडघा. उरले पाच. ही परीक्षा ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी बसवलेली आहे. त्यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना असं बसवून-उठवून पाहिलं, २०१२ साली ते छापून आलं. कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं होतं. सर लगेच म्हणाले, ह्याला भविष्य समजू नका. पायातली ताकद, तोल आणि कंबरेचा मोकळेपणा एका झटक्यात दिसतो म्हणून घेतो. पण मी त्या वयोगटातही बसत नव्हते आणि मला पाच. घरी येऊन मी आईला फोन केला. ती ७१ वर्षांची, काटोलकडे गावी असते. विचारलं, खालून उठताना काय धरतेस गं? ती म्हणाली, “काय धरायचं? उठते.”

मग बांबू. खांद्याचं मी आधीच सांगितलं होतं, म्हणून सरांनी मला लटकू दिलंच नाही. बांबूखाली विटांचा ओटा रचला आणि त्यावर उभं केलं. दोन्ही हातांनी बांबू धरायचा, पाय ओट्यावरच, गुडघे जरासे वाकवायचे आणि सोसेल तेवढंच वजन हातांवर येऊ द्यायचं. पाच श्वास घ्यायचे आणि सोडायचं. काखेच्या मागे, पाठीच्या पात्याखाली, जुनी शिवण ताणली की दोरा करकरतो तसं व्हायला लागलं. मी म्हटलं, दुखतंय. सरांनी विचारलं, “टोचतंय की ताणतंय?” त्या जिममध्ये दोन महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ताणत होतं. टोचलं तर थांबायचं, ताणलं तर श्वास सोडत राहायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. दर दोन-तीन आठवड्यांनी ओट्यातला एक थर कमी व्हायचा. नवरात्रात टाचा सुटल्या, बोटं तेवढी टेकत होती. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पाय सुटले. सात सेकंद. आता मी ३५ सेकंद लटकते, आणि अस्तराचा तागा स्टूल न घेता काढते.

ह्या वर्गाची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे इथे आधी उतरायला शिकवतात. पहिला दीड महिना कुणालाच झाडाला हात लावू देत नाहीत. फूटभर उंचीच्या ओंडक्यावरून खाली यायचं, मग दीड फुटाच्या, मग कमरेएवढ्या भिंतीवरून हात टेकून. पायाचा पुढचा भाग आधी टेकला पाहिजे, मग टाच, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं वाकले पाहिजेत, आणि आवाज होता कामा नये. सर तिकडे पाठ करून उभे राहतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, “हे कोण टाचेवर आलं?” झाडाचा नियमही तसाच: जिथून स्वतःचं स्वतःला उतरता येतं तेवढंच चढायचं. कुणी कुणाला ढकलून वर चढवायचं नाही. तीन ठिकाणी घट्ट धरल्याशिवाय चौथा हात किंवा पाय हलवायचा नाही. आणि झाड कोणतं ते बघायचं. शेवग्यावर चढायचं नाही, जांभळावर चढायचं नाही, दोन्ही कडकन मोडतात. चिंच चिवट असते. हे आमच्या गावच्या पोरांना न शिकवता माहीत होतं. माझ्या मुलाला, जो इंजिनिअरिंगला आहे, झाडांची नावंच धड माहीत नव्हती.

मी पहिल्यांदा चिंचेवर गेले ती ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. खालच्या दुबेळक्यापर्यंत, जिथे खोडाला दोन फांद्या फुटतात तिथवर, म्हणजे सात फूट असेल. चढताना काही वाटलं नाही. अंगानं आपोआप केलं, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं कुठेतरी जपून ठेवलेलं असावं तसं. वर बसले, समोर गोरेवाड्याच्या बाजूची हिरवी रांग दिसत होती. मग खाली पाहिलं आणि हात घट्ट झाले. खोड मिठीत, गाल सालीला लागलेला, मुंग्यांची एक ओळ माझ्या मनगटावरून पलीकडे जात होती आणि मला ती झटकता येत नव्हती. चिंचेच्या सालीला उभ्या-आडव्या भेगा असतात, त्यातल्या एका भेगेत मागच्या पावसाचा ओलावा होता, त्याचा वास अजून आठवतो. सर खाली उभे होते. वर आले नाहीत, हात दिला नाही. म्हणाले, “पोट खोडाला लावा ताई. डावा पाय खाली सोडा. चाचपा. गाठ लागेल.” पाय चाचपत राहिला. गाठ लागली. शेजारच्या फांदीवर आठ-नऊ वर्षांचं एक पोट्टं बसलं होतं, ते म्हणालं, “मावशी, कायले घाबरता जी, फांदी मजबूत हाये.” सात फूट उतरायला मला चार मिनिटं तरी लागली असतील. जमिनीला पाय लागल्यावर पिंडऱ्या थरथरत होत्या आणि मी रडले. लाज वाटली नाही, कारण कुणी बघत उभं नव्हतं; जो तो आपापल्या ओंडक्यावर होता.

रविवारी व्यायाम नसतो, खेळ असतो, सहा ते आठ. घरची लेकरं आणली तर चालतात, त्यांचे पैसे घेत नाहीत. डाबडुबली आमची ठरलेली. पुण्याकडे सूरपारंब्या म्हणतात तसलाच खेळ: झाडाखाली गोल, पायाखालून काठी लांब फेकायची, राज्य असणाऱ्यानं पळत जाऊन ती आणून गोलात ठेवायची, तोवर बाकीच्यांनी झाडावर. मग तो धरायला आला की वरच्यांनी त्याला चुकवून खाली यायचं आणि काठीला शिवायचं. चढणं, लोंबकळणं, उडी, धावणं सगळं त्यात येतं आणि मोजायला कुणी बसत नाही. आट्यापाट्याही असतात. राखेनं पाट्या आखतात. नियमानं गडी नऊ-नऊ आणि पाट्याही नऊ लागतात, आम्ही पाचांवर भागवतो. पाटीवरचा गडी हात पसरून उभा, आपण समोर. डावीकडे हुलकावणी द्यायची आणि उजवीकडून निघायचं. अर्ध्या तासात कपाळावरून घाम गळतो आणि आपण दमलोय हे खेळ थांबल्यावर कळतं. आमच्यात ६८ वर्षांचे एक निवृत्त पोस्टमास्तर काका आहेत. ते पळत नाहीत, त्यांना सूरपाटीवर उभं करतात. मधल्या उभ्या रेषेवर ते असे काही सरकतात की कॉलेजची पोरं अडकतात. पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचा सराव करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेलं आहे. काकांना त्यासाठी धुरा दिलाय, रोज दोन फेऱ्या, एक सरळ आणि एक आडव्या पावलांनी.

पाणी प्यायला बसलो की सर कधीकधी जुनं काही सांगतात. जॉर्ज एबेर नावाचा फ्रेंच नौदलाचा अधिकारी होता. १९०२ साली मार्टिनिक बेटावर माउंट पेले हा ज्वालामुखी फुटला, सेंट पिएर शहर काही मिनिटांत जळालं, हजारो माणसं गेली. एबेर सुटकेच्या कामात होता. अशा वेळी आपलं अंग दुसऱ्याच्या कामी येतं की नाही, हा प्रश्न त्यानं आयुष्यभर धरला आणि नौसैनिकांसाठी नवी पद्धत बसवली: चालणं, धावणं, उडी, हातापायांवर चालणं, चढणं, तोल, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं. उपयोगी पडण्यासाठी बळकट व्हा, असं तो सांगायचा. सैन्यातली अडथळ्यांची शर्यत आणि आजची पोरं भिंतींवरून उड्या मारत करतात ते पार्कूर, दोन्हींचं मूळ त्याच्याकडे जातं. मला हे ऐकून आई आठवली. डोक्यावर धुण्याचं टोपलं, कडेवर मी, आणि धुऱ्यावरून नदीपर्यंत. तिनं एबेरचं नाव ऐकलेलं नाही.

उपयोगी पडायचं म्हणाल तर माझ्या धंद्यात रोज पडतं. गांधीबागेतून कापड आणते तेव्हा गठ्ठा पंधरा-सोळा किलोचा भरतो. पूर्वी हमाल बघायचा, नाहीतर दोन खेपा करायच्या. मळ्यावर वाळूचं पोतं उचलायला शिकवलं. आधी पोत्याजवळ जायचं, त्याला अंगाशी घ्यायचं, मांडीवर टेकवायचं, मग उठायचं. डोक्यावर न्यायचं तर चुंबळ करून. पहिल्यांदा पाच किलो, आता अठरा. गेल्या महिन्यात मी गठ्ठा खांद्यावर घेऊन गांधीबागेतल्या दुकानाचा जिना एका दमात उतरले. दुकानदार भाऊ म्हणाले, “ताई, राहू द्या न, पोऱ्या आणून देते.” मी तोवर गाडीपाशी पोचले होते.

ऋतूंचं सांगायला हवं, कारण छत काही नाही. पावसाळ्यात काळी माती पायाला गोळ्यांनी चिकटते, पाऊस पडत असला की झाडावर चढणं पूर्ण बंद असतं, आणि ओंडके सर स्वतः काठीनं उलटवून बघतात, खाली विंचू निघतो. मी दोनदा पाहिलाय. थंडीत सगळ्यात छान. उन्हाळ्यात वर्ग सव्वापाचला सुरू करून साडेसहाला संपवतात, आणि नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाचे, नऊ दिवस सुट्टी. हे योग्यच आहे. नागपूरच्या उन्हाशी शर्यत लावायची नसते. २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९वर गेला होता, त्या दुपारी माझ्या मशीनच्या चाकाला हात लागून चटका बसला होता, सावलीतल्या मशीनच्या. मळ्यावर माठ असतो, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी असतं.

आता जे बरोबर नाही ते.

माणसं वाढली आणि शिकवणारे सर एकटे. मी आले तेव्हा आम्ही अकरा होतो, आता वीस-बावीस असतो. फेब्रुवारीत सर झाडाखाली लेकरांकडे होते आणि इकडे छातीएवढ्या भिंतीवर दोन कॉलेजच्या पोरांनी चढाओढ लावली. त्यांचं बघून आमच्यातली एक वहिनी, येऊन तीन आठवडेच झालेली, वर चढली आणि उडी मारून उतरली. सरांचा नियम तिला माहीत होता, पण अडवायला कुणी नव्हतं. घोटा वळला. हाड वाचलं, पण तीन आठवडे पाय टेकता आला नाही, आणि ती एका शाळेत पोळ्या करते, उभ्यानं. तिची तीन आठवड्यांची मजुरी गेली. प्रथमोपचाराच्या पेटीत त्या दिवशी क्रेप बँडेज नव्हतं. मी माझा पंचा फाडून बांधला. सर तिच्या घरी गेले, औषधाचा खर्च दिला, ती भिंत महिनाभर बंद ठेवली. पेटी आता भरलेली असते, मी दर सोमवारी उघडून बघते. पण एकट्या माणसानं बावीस जणांना झाडांवर आणि भिंतींवर सांभाळणं हे होणारं काम नाही, आणि हे मी सरांना तोंडावर सांगितलंय.

दुसरं, नाव नोंदवताना दुखणी-औषधं विचारतात, वहीत लिहून घेतात, पण नंतर ती वही कुणी उघडत नाही. ज्यांना रक्तदाब आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून यावं आणि दर महिन्याला स्वतःहून सरांना आठवण द्यावी. बाथरूम एकच आहे, विहिरीच्या पलीकडे. कडी तुटलेली होती, दिवा नव्हता. आम्ही बायकांनी चार महिने मागे लागून दोन्ही करून घेतलं. वर्ग रद्द झाल्याचा निरोप पावसाळ्यात एकदा पाच वाजून चाळीस मिनिटांनी आला, तेव्हा मी फुटाळ्यापर्यंत पोचून भिजलेली होते. शेवटच्या एक किलोमीटरवर अंधार असतो आणि कुत्री असतात, एकट्या बाईनं उन्हाळ्याच्या पाच वाजता जाऊ नये. आम्ही चौघी लॉ कॉलेज चौकात थांबून बरोबर जातो. दिवाळीच्या हंगामात मी तीन आठवडे येऊ शकले नाही, त्याचे दिवस पुढे धरून दिले नाहीत. नियम तसाच आहे म्हणाले. नियम आधी सांगितला होता हेही खरं.

पैसे: महिन्याचे १,२००, तीन महिन्यांचे एकदम भरले तर ३,२००. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा ते सव्वासात, आणि रविवार. पहिले दोन दिवस फुकट येऊन बघता येतं. येताना जुना पंचा आणि पाण्याची बाटली, बाकी काही लागत नाही. बूट घालून आलात तर सर काढायला लावत नाहीत, पण पंधरा दिवसांत बहुतेक जण आपणहून काढतात. काचेच्या बांगड्या आणि ओढणी घरीच ठेवा, ओढणी फांदीत अडकते.

आणि कपड्यांचं मी सांगते, हे माझं काम आहे. लेगिंग्ज नको. ती सालीत अडकते, आणि एक टाका तुटला की धावत जाते. बाजारच्या ट्रॅक पँटचं आसन तोकडं असतं, उकिडवं बसलं की कमरेतून खाली ओढली जाते आणि पाय मांडीपाशी अडतो. त्या नर्सताईंची सलवार तीनदा फाटली ती ह्याच कारणानं. चारही शिवणी एका जागी मिळत होत्या आणि सगळा ताण तिथेच. मी तिला मियानी, म्हणजे आसनात जोडायचा कापडाचा तुकडा, टाकून दिली. साडेचार इंचाचा चौकोन, उरेब म्हणजे तिरपा लावलेला, दुहेरी शिवण, आणि गुडघ्याला आतून सुती अस्तराचा तुकडा. कापड जाड सुती, धुऊन आटवलेलं. आठ महिने झाले, ती सलवार अजून आहे. तशीच माझ्यासाठी शिवली, मग काकांचा पायजमा, मग आणखी सहा जणांचे. कुणाकडूनही शिवून घ्या, पण मियानी टाकायला सांगा. आजकालचे टेलर वेळ वाचवायला ती गाळतात.

बसून-उठून बघण्याची परीक्षा सर दर तीन महिन्यांनी घेतात. मागच्या वेळी मला आठ मिळाले. उठताना अजून एक हात टेकतो, आणि बसताना एक. मुंढ्याचं माप घेताना अडखळणाऱ्या गिऱ्हाइकांना मी आता दाराच्या चौकटीवर बोटं टेकवून उभं राहायला सांगते, टोचतंय की ताणतंय ते विचारते, आणि टोचत असेल तर डॉक्टरांकडे पाठवते. त्यातल्या तिघी मळ्यावर येतात. त्यांना मी नेलं म्हणून त्यांची जबाबदारी माझ्यावर आहे असं मला वाटतं, आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहिलं.

येत्या आषाढापासून दुसऱ्या एक शिक्षिका येणार आहेत असं सर म्हणाले आहेत. अमरावतीच्याच, त्यांच्याबरोबर शिकलेल्या. त्या आल्या, आणि भिंतीपाशी व झाडापाशी एकाच वेळी जाणतं माणूस उभं दिसलं, की मी तिमाहीचे पैसे भरेन. तोवर महिन्याचेच भरते आहे.